सत्तर रुपयांचे औषध

कोजागिरीच्या रात्री आमच्या मंडळातील काही कुटुंबे दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याच्या गच्चीवर जमतात. दूध आटते, भावगीते होतात, एखादा ज्येष्ठ सभासद संस्थानी काळाच्या आठवणी सांगतो. आणि रात्र चढू लागली की विषय हटकून एका चित्रपटाकडे वळतो. तो चित्रपट म्हणजे 'अशी ही बनवाबनवी'. मग वय, हुद्दा आणि पदव्या यांचा मुलाहिजा राहत नाही. शल्यचिकित्सक पार्वतीची नक्कल करतात, बालरोगतज्ज्ञ धनंजय माने होतात, आणि एरवी मितभाषी असलेले विकृतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक सरपोतदारांचा आवाज इतका हुबेहूब काढतात की खालच्या मजल्यावरची माणसेही वर येतात.

त्यानंतर सुरू होते ती खरी जुगलबंदी, खाचाखोचांची. चित्रपट १९८८ सालचा, हे लहान मुलेही सांगतात. दिग्दर्शक सचिन, निर्माते किरण शांताराम, लेखन वसंत सबनीसांचे, संगीत अरुण पौडवाल यांचे, इथपर्यंत सारे बरोबरीत असतात. मग कोणी सांगते की शंतनूची भूमिका करणारे सिद्धार्थ राय हे व्ही. शांताराम यांचे नातू. कोणी त्यावर ताण करतो की हे कथानक मूळचे मराठी नाहीच. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या १९६६ च्या हिंदी चित्रपटावर ते आधारलेले आहे. आमच्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनी दरवर्षी पार्वतीच्या डोहाळजेवणाचा प्रसंग काढून विचारतात, 'या बाईंचा कितवा महिना चालला आहे, हे कोणी सांगेल काय?' आजवर कोणाला समाधानकारक उत्तर देता आलेले नाही.

हा सारा प्रकार काही मान्यवरांना पसंत नाही. मागे एका विद्वान स्नेह्यांनी मला बाजूला घेऊन खंत व्यक्त केली. 'ज्या शहरात सयाजीरावांनी १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, त्या शहरातील सुशिक्षित मराठी माणसांनी चित्रपटातील वाक्ये पाठ म्हणण्यात रात्र घालवावी, हे आपल्या संस्कृतीचे लक्षण समजावे काय?' त्यांच्या मनातील तळमळ खरी होती. तरीही त्यांचे म्हणणे मला पटले नाही. का पटले नाही, आणि या आवडत्या करमणुकीत मला स्वतःला काय खुपते, या दोन्ही गोष्टी वाचकांपुढे मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम बाजू मांडतो ती या जुगलबंदीची. आपण बडोदेकर मराठी मंडळी चार-चार, पाच-पाच पिढ्यांपासून येथे आहोत. घरात मराठी, शेजारी गुजराती, शाळेत इंग्रजी आणि दवाखान्यात या तिन्हींची मिसळ, असा आपला भाषाव्यवहार. माझ्या नातवंडांना गुजराती लिपी वाचता येते. देवनागरी ती अडखळत वाचतात. चिं. वि. जोशी यांचे पुस्तक मी त्यांच्या हाती दिले तर ते दुसऱ्या दिवशी आदराने कपाटात परत जाते. मात्र 'बनवाबनवी'तील लीलाबाई काळभोर विवाहित जोडप्यांनाच जागा का देतात, हे त्यांना ठाऊक असते, आणि त्या प्रसंगातील प्रत्येक शब्दाचा हेल ती अचूक उचलतात. भाषा अशीही शिरते. दारातून नाही शिरली तर खिडकीतून शिरते. खिडकीतून आलेल्या पाहुण्याला हाकलून देण्याइतकी आपली स्थिती बरी नाही.

चिं. वि. जोशी यांचा उल्लेख ओघाने आला, तरी तो येथे अगदी प्रस्तुत आहे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीचा हा जनक (१८९२–१९६३) आपल्या बडोदे कॉलेजात पाली भाषेचा अध्यापक होता, आणि संस्थानच्या दप्तरातही त्यांनी काम केले. एकीकडे बौद्ध वाङ्मयाचा अभ्यास आणि दुसरीकडे 'चिमणरावाचे चऱ्हाट', असा हा दुहेरी संसार त्यांनी आपल्या गावात थाटला होता. हीच जोडी १९४० साली मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्या रूपाने पडद्यावर आली. आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी तिला घराघरांत नेऊन बसवले. आमच्या घरी त्या वेळी दूरचित्रवाणी संच नव्हता. मे महिन्याच्या सुट्टीत दादरला मामांकडे गेलो असता, वीस-पंचवीस शेजाऱ्यांच्या गर्दीत, दाराच्या चौकटीत उभे राहून मी चिमणराव पाहिला. त्या खोलीत मीच एकटा बडोद्याचा होतो, आणि या चिमणरावाचा लेखक आमच्या गावचा, हे सांगताना माझी छाती जी फुगली ती आजही आठवते. त्या सांगण्यापलीकडे मला त्या लेखकाची काहीही माहिती नव्हती. परत आल्यावर मात्र त्याच अभिमानापोटी मी ग्रंथालयात जाऊन पुस्तक मागितले. एका किरकोळ माहितीने एका मुलाला वाचक केले. म्हणून अशा माहितीला मी क्षुल्लक म्हणत नाही.

उगमाच्या चर्चेचेही तसेच आहे. 'बनवाबनवी' हिंदीवरून, 'धुमधडाका' (१९८५) हा तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४) आणि त्यावरून निघालेला हिंदी 'प्यार किये जा' (१९६६) यांच्या वळणाचा, तर 'चुपके चुपके' (१९७५) बंगाली 'छद्मवेशी'वरून (१९७१). अशी यादी निघाली की कोणीतरी नाराज होऊन म्हणतो, 'म्हणजे आपले असे काहीच नाही का?' मला या यादीत उणेपणा दिसत नाही. विनोदी कथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत बिऱ्हाड हलवते, तेथील हवापाणी अंगी लावून घेते, आणि दोन पिढ्यांनी ती तेथलीच होते. आपल्या पूर्वजांनी याहून वेगळे काय केले? धनंजय, सुधीर, परशुराम आणि शंतनू हे चौघे पुण्यात डोके टेकायला जागा शोधत वणवणतात. घरमालकाच्या अटीसाठी दोघांना साडी नेसावी लागते. परगावी बस्तान बसवताना आपल्या माणसांनी थोडेफार वेषांतर केलेलेच आहे. साडी नेसली नसेल, पण नावाचा उच्चार बदलला असेल, जेवणाची चव बदलली असेल. हा चित्रपट आपल्याला इतका जवळचा का वाटतो, याचे एक कारण मला येथे सापडते.

आता दुसरी बाजू. ती लिहिताना लेखणी जरा जड होते.

या चित्रपटातील सर्वाधिक म्हटला जाणारा प्रसंग कोणता, हे मराठी माणसाला सांगायला नको. घरमालक विश्वासराव सरपोतदारांना मधुमेह आहे. त्यावरचे इस्राएलचे औषध मित्राकरवी मिळवून देतो, या बोलीवर धनंजय मान्यांनी त्यांच्याकडून सत्तर रुपये घेतलेले आहेत. औषधाची चौकशी होते तेव्हा तो मित्रच वारल्याचे कळते. आणि आपल्या पैशांचे काय, या प्रश्नावर त्या सत्तर रुपयांनाही तीच गती मिळाल्याचे उत्तर येते. अशोक सराफ यांचा निर्विकार चेहरा आणि सुधीर जोशी यांचा हतबल चेहरा समोरासमोर येतात, आणि सदतीस वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्र हसतो आहे.

आमच्या गच्चीवर हा प्रसंग सादर करण्याचा मान अनेक वर्षे एका काकांकडे होता. त्यांचे नाव लिहीत नाही. आमच्या वाड्याला लागूनच त्यांचे घर होते आणि मला ते लहानपणापासून ओळखत. मी वैद्यकीय महाविद्यालयात गेलो तेव्हा सर्वांत आधी 'काय रे डॉक्टर' अशी हाक त्यांनी मारली, आणि पुढे मी खरोखर डॉक्टर झाल्यावरही त्या हाकेतील 'रे' त्यांनी कधी सोडला नाही. त्यांना मधुमेह होता. ते माझेच रुग्ण होते. गोळ्यांनी साखर आवरेना म्हणून मी त्यांना इन्सुलिन सुरू केले होते.

त्या वर्षीच्या कोजागिरीला त्यांनी दुधाचा दुसरा पेला उचलला तेव्हा मी हटकले, 'काका, इन्सुलिन चालू आहे ना?' त्यांनी माझ्याकडे पाहिले, सरपोतदारांसारखा चेहरा केला आणि सांगितले की इस्राएलचे औषध मिळाले आहे, तेव्हा आता काळजी नको. गच्ची हसली. मीही हसलो, सर्वांत मोठ्याने मीच हसलो असेन. पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला.

ती थट्टा नव्हती. कोणा परिचिताने सुचविल्यावरून ते महिन्याला काही हजार रुपये मोजून एक निनावी पूड घेत होते, आणि 'मुळासकट बरा' होण्याच्या आशेवर त्यांनी इन्सुलिन बंद केले होते. तीन महिन्यांनी पायाला झालेली जखम घेऊन ते माझ्याकडे आले. तोवर उशीर झाला होता. पायाची दोन बोटे काढावी लागली, पुढे आणखी काही. आणि त्यानंतर ते गच्चीचा जिना चढू शकले नाहीत. रुग्णालयात त्यांनी मला एकदाच विचारले, 'का रे डॉक्टर, मी त्या रात्री सांगितले होते ना तुला?' त्यांनी खरोखरच सांगितले होते. ज्या भाषेत त्यांना सांगता आले त्या भाषेत सांगितले होते. ती भाषा मला पाठ होती; अर्थ मात्र मला लागला नाही.

तेव्हापासून मी त्या प्रसंगाकडे निराळ्या नजरेने पाहतो. आपण साऱ्यांनी लक्षात ठेवले ते सत्तर रुपये. त्या प्रसंगातला माणूस आपल्या लक्षात राहिला नाही. सरपोतदार कंजूष आहेत, भाडेकरूंवर करवादतात, हे खरे; तरी पैशाला पैसा जोडणारा हा गृहस्थ एका अनोळखी औषधासाठी सत्तर रुपये आगाऊ मोजतो, यात त्याची भीती दिसत नाही काय? मूर्ख असतो म्हणून रुग्ण फसतो, अशी एक सोयीची समजूत आपल्या व्यवसायात आहे. रुग्ण फसतो तो बहुधा घाबरलेला असतो म्हणून. आयुष्यभर सुई टोचून घ्यायची या कल्पनेने तो खचतो. आणि दूरदेशीचा कोणी मित्र एका पुडीत सुटका पाठवील, या शब्दावर तो विश्वास ठेवतो. विश्वासरावांचे नाव लेखकाने काय हेतूने ठेवले असेल ते मी सांगू शकत नाही; मला मात्र ते अर्थपूर्ण वाटते.

१९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्याआधी अशा मुलांपुढे मृत्यूखेरीज फारसे काही नव्हते. शंभर वर्षे उलटली, तरी इन्सुलिनचे नाव काढताच आपल्या रुग्णाचा चेहरा शिक्षा ठोठावल्यासारखा होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून अधिक. म्हणजे आज इस्राएलच्या औषधाची वाट पाहणारे विश्वासराव गल्लोगल्ली आहेत. विनोद जुना झालेला नाही; रक्कम तेवढी वाढली आहे. आणि त्या निनावी पुड्यांमध्ये कधी चोरून मिसळलेली आधुनिक औषधेच आढळतात, तर कधी शिशासारखे जड धातू, हे आपण सारे जाणतो.

आणखी एक गोष्ट. पडद्यावरच्या त्या चार तरुणांपैकी दोघे आज हयात नाहीत. सिद्धार्थ राय २००४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय अवघे चाळीस. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लक्ष्मीकांत बेर्डे मूत्रपिंडाच्या विकाराने गेले, वय पन्नास. सुधीर जोशीही २००५ साली गेले. आमच्या गच्चीवर ही माहितीसुद्धा सांगितली जाते. एखाद्या प्रश्नमंजूषेतील गुण मिळवून देणारे उत्तर म्हणून सांगितली जाते, आणि पुढचा प्रश्न येतो. चाळीस आणि पन्नास या आकड्यांशी क्षणभर थांबावे असे डॉक्टरांनी भरलेल्या त्या गच्चीवरही कोणाला वाटत नाही. मलाही पूर्वी वाटले नव्हते.

म्हणून माझी तक्रार आहे ती माहितीशी थांबून राहण्याबद्दल. खाचाखोचा सांगणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असतात. पहिला आपल्याला ठाऊक असलेले दुसऱ्याला ठाऊक नाही याचा आनंद घेतो. दुसरा आपल्याला दिसलेले दुसऱ्यालाही दिसावे म्हणून सांगतो. पहिल्याला श्रोत्याचा पराभव हवा असतो, दुसऱ्याला श्रोत्याची सोबत. आपल्या गच्चीवर पहिल्या प्रकाराचे प्रमाण वाढत चालले आहे. त्यातून एक नवा दोषही शिरला आहे. जिंकण्याच्या भरात माणसे कानावर आलेले काहीही ठोकून देतात. एका कोजागिरीला एका गृहस्थांनी ठामपणे सांगितले की गुंड्याभाऊ म्हणजे त्यांच्याच आजोबांच्या आखाड्यातील एक पैलवान. लगेच दुसऱ्यांनी तो मान आपल्या आजोबांच्या शेजाऱ्याकडे ओढून घेतला. पुरावा दोघांजवळही नव्हता. पुढच्या वर्षी तिसऱ्याच कोणाच्या तोंडून ती 'सर्वमान्य' माहिती म्हणून बाहेर पडली. करमणुकीत हे चालून जाते असे वाटेल. परंतु खात्री न करता पुढे सांगण्याची ही सवय गच्चीवर एक आणि दवाखान्यात दुसरी अशी राहत नाही. ज्या सहजतेने गुंड्याभाऊचा पत्ता पुढे जातो, त्याच सहजतेने पुडीचाही पत्ता पुढे जातो. काकांना तो तसाच मिळाला होता.

मग उपाय काय? ही जुगलबंदी बंद करावी असे मी मुळीच म्हणणार नाही. ती गेली तर आपल्या गच्चीवर केवळ आटीव दूध उरेल. माझी विनंती लहान आहे. जो माहिती सांगेल त्याने ती कोठून मिळाली तेही सांगावे; आठवत नसेल तर 'ऐकीव आहे' एवढे म्हणावे. त्याने कोणाचाही मान कमी होत नाही. दर वर्षी एक प्रसंग निवडून तो एकत्र पाहावा, आणि त्याचा अर्थ काय लागला ते आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाने आपल्या शब्दांत सांगावे. पाठ केलेली वाक्ये म्हणणारे मूल मराठी बोलते हे खरे; पण 'मला असे वाटते' असे मराठीत म्हणू लागेल तेव्हाच ती भाषा त्याची झाली असे मी मानीन.

आणि आम्हा डॉक्टरांना एक सांगणे आहे; ते मी सर्वप्रथम स्वतःला सांगतो. रुग्ण विनोद करील तेव्हा जरूर हसावे. वैद्य हसला नाही तर रुग्ण पुढचे बोलतच नाही. मात्र हसून झाल्यावर पुढचा प्रश्न विचारावा. घाबरलेल्या माणसाला 'मी घाबरलो आहे' असे म्हणता येत नाही. त्याला कोणाचे तरी गाजलेले वाक्य उसने घ्यावे लागते. त्या उसन्या वाक्यामागे त्याचे स्वतःचे काय आहे, हे ओळखणे हाही निदानाचाच भाग आहे, आणि त्याला कोणतीही तपासणी पर्यायी नाही.

काका आता नाहीत. गेल्या कोजागिरीला त्यांच्या नातवाने तो प्रसंग सादर केला. आवाज अगदी आजोबांचा. सारे हसले, मीही हसलो. नंतर दुधाचे पेले फिरू लागले तेव्हा मी उठून कठड्याशी बसलेल्या एका मधुमेही स्नेह्यांजवळ गेलो आणि हळूच विचारले, 'औषध कोणते घेता आहात सध्या?' ते हसले, थोडे थांबले, आणि म्हणाले, 'उद्या दवाखान्यात येतो, डॉक्टरसाहेब. जरा बोलायचे आहे.'

दुसऱ्या दिवशी ते आले.